कचऱ्याच्या ट्रकची पहिली पाइनवुड डर्बी: एका घराचं प्रकरण

आमच्या न्यू जर्सीतल्या कब स्काउट पॅकमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट गटात, दर जानेवारीत पाइनवुड डर्बी असते आणि मी तिथे चेक-इनच्या टेबलावर वजनकाटा घेऊन बसते, त्यामुळे पहिल्यांदा भाग घेणारी घरं मला अगदी जवळून बघायला मिळतात. त्यातलं एक घर इथे सविस्तर लिहितेय, त्यांना विचारून आणि नावं गाळून. हेच घर का, तर पहिल्या वर्षी जे जे घडू शकतं त्यातलं बरंचसं यांच्याकडे घडलं, तरी गाडी चांगली पळाली, आणि ती कशामुळे पळाली हे त्या घरातल्या मोठ्या माणसांना शेवटपर्यंत पटत नव्हतं.

आधी ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्काउटच्या दुकानात एक किट मिळतं, त्यात पाइनच्या लाकडाचा सात इंच लांबीचा ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि चार खिळे. बस. खिळे हेच एक्सल. मुलाने घरच्यांच्या मदतीने यातून गाडी बनवायची, आणि उतरत्या ट्रॅकवरून ती नुसती सोडायची. मोटर नाही, बॅटरी नाही, ढकलायचंही नाही. वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅमला किंचित कमी. रुंदी चाकांसकट पावणेतीन इंच. गाडीच्या पोटाखाली ३/८ इंच मोकळी जागा हवी, कारण प्रत्येक लेनच्या मधोमध एक उंच पट्टी असते आणि गाडी त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना चाकं ठेवून पळते.

हे सुरू झालं १९५३ साली कॅलिफोर्नियात, मॅनहॅटन बीचला. डॉन मर्फी नावाचा कबमास्टर, म्हणजे पॅकचा प्रमुख, होता, त्याच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत भाग घ्यायचा होता, म्हणजे ती मोठी गाडी ज्यात मुलं स्वतः बसून उतारावरून येतात, पण पोरगं १० वर्षांचं आणि तिथे वयाची अट १२ ची. मग मर्फीने छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत काढली, तो काम करायचा त्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या मॅनेजमेंट क्लबने खर्च उचलला, आणि बापलेकांनी मिळून काहीतरी बनवावं हा त्याचा हेतू होता. पुढच्याच वर्षी स्काउटच्या मासिकात हे छापून आलं आणि देशभर पसरलं. हेतू चांगलाच होता हो, पण सत्तर वर्षांनंतरही दर जानेवारीत तोच प्रश्न येतो की गाडी नक्की बनवली कोणी, बापाने की लेकाने. आमच्या प्रकरणात त्यात सासरेबुवा पण आहेत.

तर घर असं. नवरा-बायको दोघंही आयटीतले, चिंचवडहून येऊन फार वर्षं झालेली नाहीत, अपार्टमेंटमध्ये राहतात, म्हणजे गॅरेज नाही आणि हत्यारं म्हणाल तर एक स्क्रूड्रायव्हरचा सेट. मुलगा दुसरीत, म्हणजे स्काउटमधल्या वुल्फ गटात. धाकटी बहीण बालवाडीत. आणि त्या हिवाळ्यात मुलीकडे राहायला आलेले आबा, म्हणजे मुलाच्या आईचे वडील, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्या माणसाला न्यू जर्सीच्या जानेवारीत दुपारभर करायला काही नव्हतं. किट घरात आलं त्या दिवसापासून आबांची तब्येत सुधारली असं मुलगी सांगते.

गाडी कसली?

पहिलं भांडण इथेच. बाबाने इंटरनेटवर बघून ठरवलं होतं की पाचरीसारखी पातळ गाडी करायची, वरून लॅम्बोर्गिनीचे स्टिकर. पोराला मात्र कचऱ्याचा ट्रक हवा होता. यांच्या बिल्डिंगखाली दर मंगळवारी सकाळी तो हिरवा मोठा ट्रक येतो, लोखंडी हात बाहेर काढून डबा उचलतो आणि उलटा करतो, आणि हा मुलगा शाळेची बस चुकली तरी चालेल पण ते बघणार.

"अरे, रेसला कचऱ्याची गाडी कोण नेतं?" बाबा.

"मी," पोरगं.

आईने नियमांचा कागद काढून दाखवला की गाडी स्काउटची आहे, तू मदतनीस आहेस. आबा जावयाला म्हणाले, "अहो, त्याला घंटागाडी करायचीय तर करू द्या, ठोकळा आहेच तसा, कापाकापी पण कमी." आता सासऱ्यांपुढे जावई काय बोलणार. लॅम्बोर्गिनी गेली.

इथे मी माझं मत सांगते. आकाराचा फरक पडतो, पडत नाही असं नाही, पण पहिल्या वर्षी तो सगळ्यात शेवटी बघायचा. हिशोब करा. ट्रॅकची सुरुवात साधारण चार फूट उंचीवर असते. तिथून घर्षण वगैरे शून्य धरून गाडी खाली आली तरी वेग सेकंदाला पावणेपाच-पाच मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी १७-१८ किलोमीटर. सायकलवर आपण याच वेगाने जातो. या वेगाला हवा अडवते पण थोडीच, आणि खराब एक्सल त्याच्या कितीतरी पट अडवतो. पातळ गाडी आणि चौकोनी गाडी दोन्हींची चाकं, एक्सल, वजन अगदी सारखं असेल तेव्हा हवेचा फरक निकालात दिसतो. पहिल्यांदा येणाऱ्या घरांत ते कधीच सारखं नसतं. तरी घरं काय करतात, पहिले दोन शनिवार-रविवार आकार आणि रंगात घालवतात आणि एक्सल शेवटच्या रात्री ठोकतात.

कापणं मात्र घरी करायला लागलं नाही. आमच्या पॅकमध्ये एका संध्याकाळी वर्कशॉप असतो, ज्यांच्याकडे बँडसॉ आहे ते घेऊन येतात आणि मुलाने पेन्सिलने रेघ मारून आणलेला ठोकळा मोठं माणूस कापून देतं. यांची रेघ म्हणजे पुढे केबिनसाठी एक पायरी आणि मागे सगळं चौकोनी, दोन मिनिटांत काम झालं. पुढचं घासणं पोराने केलं, जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून, आधी जाड सँडपेपर मग बारीक, आणि आबा समोर बसून "कडा मार, कडा, हाताला लागली नाही पाहिजे" म्हणत होते. टेबल नवीन होतं, असो.

वजन, आणि पोटाला चिकटवलेली नाणी

लाकूड कापून झालं की गाडी ५ औंसाच्या बरीच खाली येते आणि मग वजन भरावं लागतं. भरायचं कशाला? नुसतं सरळ पडताना जड आणि हलकं सारखंच पडतं हे शाळेत शिकलोय, पण इथे चाकं आणि हवा सारखी आडवी येत असतात. जड गाडीकडे सुरुवातीची ऊर्जा जास्त, आणि हवेची अडवणूक वजनाने वाढत नाही, शिवाय चाकं गरगर फिरवण्यात जी ऊर्जा जाते ती तेवढीच राहते, म्हणून एकूणातला तोटा जड गाडीला कमी जाणवतो. त्यामुळे सगळेच काठोकाठ ५ औंस भरतात.

कुठे भरायचं हे त्याहून महत्त्वाचं, आणि इथे बाबाचं आणि आबांचं जुंपलं. बाबाने क्वार्टरची, म्हणजे पंचवीस सेंटची, नाणी घेतली, एक नाणं ५.६७ ग्रॅमचं, आणि तीन-तीनच्या थप्प्या करून हॉट ग्लूने गाडीच्या पोटाला चिकटवली, समान अंतरावर, पुढून मागपर्यंत. दिसायला अगदी नीटनेटकं. वर्कशॉपला घेऊन आला तेव्हा मी गाडी आमच्याकडच्या ट्रॅकच्या तुकड्यावर ठेवली आणि ती हललीच नाही, पोट पट्टीवर टेकलेलं. तीन क्वार्टर म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, वर ग्लूचा थर, आणि मोकळी जागा मुळात साडेनऊ मिलिमीटर, त्यातल्या सहाच्या वर तर पट्टीच खाते. दर वर्षी एक तरी घर हे करतं. काही घरं चेक-इनच्या रात्री करतात आणि मग पार्किंगमध्ये स्क्रूड्रायव्हरने नाणी उचकटत बसतात, हे तरी आधी आले.

आबा तेव्हा काही बोलले नाहीत. घरी जाऊन बोलले. त्यांचं म्हणणं असं की ट्रकला मागे कचऱ्याची पेटी आहे ना, मग माल पेटीत भरा, पोटाला कशाला बांधता. आणि हे नकळत अगदी बरोबर होतं, भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पण. ट्रॅकच्या उतारावर गाडी तिरकी उभी असते, शेपटी वर आणि तोंड खाली. वजन जितकं मागे, तितकं ते सुरुवातीला उंचावर, म्हणजे तितका जास्त वेळ उतार मिळणार. उतार २५ अंशांचा धरला तर वजनाचा मध्य एक इंच मागे नेल्याने साधारण एक सेंटिमीटर उंची वाढते. सव्वाशे सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटर, ऐकायला काहीच नाही, पण ढोबळ हिशोबाने शेवटच्या रेषेवर गाडी इंच-दीड इंच पुढे निघते. आणि इथे निकाल अर्ध्या इंचावर पण लागतात. रूढ सल्ला असा की वजनाचा मध्य मागच्या एक्सलच्या साधारण एक इंच पुढे यावा. त्याहून मागे गेलात तर पुढची चाकं हलकी पडून गाडी डुलायला लागते, तेव्हा हाव नको.

मग ठोकळ्याच्या मागच्या भागात वरून दोन भोकं पाडली, एकामागे एक, पाऊण इंचाहून जरा मोठी, आणि त्यात निकेल आणि पेनी, म्हणजे पाच सेंटची आणि एक सेंटची नाणी. टंगस्टनचे ठोकळे मिळतात, ते शिशापेक्षाही पुष्कळ जड, थोड्या जागेत सगळं वजन बसतं, पण महाग असतात आणि पहिल्या वर्षी नाण्यांनी काही बिघडत नाही. आबांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली, नाणी चिकटवली नाहीत. वर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला टेप, त्यावर पोराने काढलेला कचरा: केळ्याचं साल, पिझ्झाचा खोका, एक मासा. का, तर "तिथला काटा वेगळा असणार, आपल्याला कमी-जास्त करता आलं पाहिजे." चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस दुसऱ्याच्या मोजमापावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही.

खिळ्यांची रात्र

किटमधले खिळे जवळून बघितलेत कधी? डोक्याच्या खालच्या बाजूला आणि दांड्यावर बारीक उंचवटे असतात, खिळा बनवताना साच्यात पकडला जातो त्याच्या खुणा. फिटर लोक याला बर म्हणतात. चाक नेमकं याच जागेवर फिरतं. आबांनी खिळा चष्म्याजवळ धरून बघितला आणि म्हणाले, "यावर चाक फिरवणार? याला बर किती आलीय!" आणि मग त्या संध्याकाळी घरात टीव्ही लागला नाही.

शेजाऱ्यांकडून ड्रिल मागून आणलं. खिळा ड्रिलच्या चकमध्ये धरायचा, ड्रिल हळू फिरवायचं, आधी बारीक कानशीने डोक्याखालची बर काढायची, मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ४०० नंबर, मग ६००, मग १०००, शेवटी त्याहून बारीक. ड्रिल बाबाच्या हातात, पेपर पोराच्या हातात, डोळ्यांवर गॉगल, आबा सुपरवायझर. एका खिळ्याला भरपूर वेळ लागतो आणि दुसऱ्या खिळ्याला पोरगं कंटाळलंच, हे लिहिलं पाहिजे, कारण व्हिडिओंमध्ये मुलं कधी कंटाळताना दाखवत नाहीत. तिसरा खिळा आईने केला. चौथ्याला पोरगं परत आलं कारण आबांनी पहिला खिळा दिव्याखाली धरून त्याला त्यात स्वतःचं नाक दाखवलं.

यानंतर आबा चुकले, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने. म्हणाले आता शिवणयंत्राचं तेल दोन थेंब. आईने परत नियमांचा कागद काढला: फक्त कोरडं वंगण. तेलाने धूळ धरते, ट्रॅक खराब होतो आणि मागून येणाऱ्या सगळ्यांच्या गाड्यांना लागतं, म्हणून बऱ्याच पॅकमध्ये बंदी असते. तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड मिळते, छोट्या ट्यूबमध्ये, ती चाकाच्या भोकात आणि खिळ्यावर टाकायची, चाक फिरवायचं, परत टाकायची, परत फिरवायचं. आबांना ते पटलं नाही, म्हणे शिसपेन्सिलीच्या भुकटीने कुठे यंत्र चालतं का. मग चाक बोटाने फिरवलं आणि ते थांबेचना, तेव्हा गप्प बसले. ग्रॅफाइट मात्र बाहेर किंवा जुन्या पेपरवर लावा, यांच्या सोफ्याच्या हातावर अजून काळा पंजा आहे.

रंगाचं लवकर सांगते. बाबाने हिरवा स्प्रे बाल्कनीत मारला, जानेवारीत. त्या थंडीत स्प्रे पेंट नीट वाळतच नाही, दोन दिवसांनी पण बोटाचे ठसे उठत होते. घासून काढला आणि पोराने घरात ब्रशने ॲक्रिलिक लावलं. ब्रशच्या रेघा दिसतात, कोणाला फरक पडत नाही.

चाकं बसवताना चाक आणि लाकडाच्या मध्ये क्रेडिट कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली, हेही बरोबर. नंतर टेबल एका बाजूने पुस्तकांवर तिरकं करून गाडी सोडली की सरळ जाते का, ती उजवीकडे ओढत होती, आबांनी एक खिळा पकडीने किंचित फिरवला, सरळ झाली. आता इथे थांबून खिळा बसतो त्या खाचेत गोंदाचा एक थेंब टाकायला हवा होता. टाकला नाही. बाबा म्हणाला उद्या बघू. त्या रात्री पोराने व्हिडिओ कॉलवर चिंचवडच्या मावसभावंडांना गाडी दाखवली आणि दाखवली म्हणजे काय, हॉलभर फरशीवर पळवली, सोफ्याच्या पायाला दोनदा धडकवली. मुलाच्या हातात चाकाची गाडी आहे, तो चालवणारच, त्याला काय बोलणार. गोंद लावण्याआधी गाडी फळीवर चढवून ठेवणं हे मोठ्यांचं काम.

चेक-इन

शर्यत शनिवारी, चेक-इन शुक्रवारी संध्याकाळी. चेक-इन झालं की गाडी आमच्या ताब्यात, शर्यत होईपर्यंत परत मिळत नाही, नाहीतर लोक रात्रभर छेडछाड करतात. हे आई-बाबांना माहीत होतं, पोराला कोणी सांगितलं नव्हतं. तो माझ्यासमोर उभा राहून रडला, हुंदके देऊन, आणि रांग थांबली. शेवटी मी त्यालाच सांगितलं की तुझा ट्रक कुठल्या खणात ठेवायचा ते तू सांग, त्याने वरच्या ओळीतला कोपरा निवडला आणि प्रश्न मिटला. दुसरी-तिसरीच्या मुलांना हे घरीच आधी सांगून ठेवा, प्लीज.

पण त्याआधी वजन. घरच्या किचनच्या काट्यावर १४२ ग्रॅम. आमच्या काट्यावर ५.१ औंस. किचनचा काटा दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, पीठ मळायला ठीक आहे. नियम असा की त्या रात्री टेबलावर जो काटा आहे तो सांगेल ते खरं, त्यावर वाद नाही. मागच्या रांगेतल्या एका गाडीचं वजन आत गोंदाने सील केलेलं होतं, ते बिचारे लाकूड खरवडत बसले. यांनी झाकण उघडलं, माशाच्या खालची एक पेनी काढली, अडीच ग्रॅम, परत काट्यावर ठेवली, ५.० आलं. आबांनी पेनी खिशात टाकली आणि जावयाकडे बघितलं सुद्धा नाही.

शर्यत

आमचा ट्रॅक चार लेनचा, प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर एकेकदा पळते आणि चारही वेळांची सरासरी घेतात. असं करतात कारण कुठलेही दोन लेन हुबेहूब नसतात, एखादा जोड किंचित वर असतो, एखादी पट्टी जरा रुंद. एका हीटला, म्हणजे एका फेरीला, तीन सेकंद आणि वर थोडं, एवढ्यासाठी महिनाभराची धावपळ.

पहिल्या हीटमध्ये कचऱ्याचा ट्रक दुसरा आला, त्यात ज्या दोघांना मागे टाकलं त्यातली एक काळी चकचकीत पातळ गाडी होती, अगदी बाबाच्या स्वप्नातली. दुसऱ्या हीटमध्ये पहिला. सगळा हॉल हसत होता कारण तो चौकोनी हिरवा खोका खाली येताना खरंच विनोदी दिसत होता, आणि पोरगं इतकं ओरडलं की कबमास्टरने त्याला माइकपासून लांब उभं केलं. तिसऱ्या हीटमध्ये गाडी उतारावर डुलायला लागली, पट्टीवर दोन-तीनदा आपटली, कशीबशी चौथी आली, आणि शेवटच्या फोममध्ये शिरताना मागचं डावं चाक खिळ्यासकट निघून टेबलाखाली गेलं.

फरशीवरचे ते दोन धक्के आणि न टाकलेला गोंद. दुसरं काही नाही. शुक्रवारी बघताना चाकं जागेवर होती, पण खिळा खाचेत सैल झाला होता.

दुरुस्तीला आमच्याकडे थोडी मिनिटं देतात, दुरुस्तीच्या टेबलावर गोंद, पकड, ग्रॅफाइट ठेवलेलं असतं. नियमाने मोठं माणूस मदत करू शकतं पण स्काउट तिथे हवा. आबा पुढे झाले, बाबा पण पुढे झाला, दोघांनी एकदमच हात घातला आणि आई मागून म्हणाली, "अहो आबा, अरे तू पण, त्याला करू द्या ना." पोराने खिशातून लायब्ररीचं कार्ड काढलं, फट मोजायला, चाक बसवलं, आबांनी फक्त गोंदाची बाटली धरली. ते कार्ड त्याने मुद्दाम आणलं होतं की नुसतं होतं खिशात, मला अजून माहीत नाही.

चौथ्या हीटमध्ये गाडी सरळ गेली पण पहिल्या दोन हीटपेक्षा किंचित हळू, नव्याने बसवलेलं चाक थोडं घासत असणार. सरासरीत वुल्फमध्ये चौथा. पहिले तीन डिस्ट्रिक्टच्या शर्यतीला जातात. डिझाइनचं बक्षीस एका हॉटडॉगला मिळालं, आणि खरं सांगायचं तर हॉटडॉग चांगलाच होता, मोहरीची रेघ पण काढलेली.

बाबा नंतर फोनवर तिसऱ्या हीटचा व्हिडिओ स्लो करून मला दाखवत होता की बघा, हे झालं नसतं तर. खरंय, झालं नसतं तर बहुतेक तिसरा आला असता. पण मला त्यातून वेगळंच दिसतं. पहिल्या दोन हीटच्या वेळा आमच्या जुन्या, दरवर्षी येणाऱ्या घरांच्या तोडीच्या होत्या. आकार सगळ्यात वाईट, रंग ब्रशचा, वजन खिशातल्या नाण्यांचं. वेग आला तो खिळ्यांच्या त्या संध्याकाळीतून आणि पेटीत मागे भरलेल्या मालातून, आणि योगायोग असा की ती पेटी तिथे होती कारण पोराला कचऱ्याचा ट्रक हवा होता. पाचरीची गाडी केली असती तर मागे एवढी खोल भोकं पाडायला लाकूडच उरलं नसतं, नाणी परत पसरून चिकटवावी लागली असती.

मग गाडी बनवली कोणी? मी यावर फार कडक नाहीये. सात वर्षांच्या मुलाने बँडसॉ चालवू नये आणि बापाने एकट्याने रात्री दोन वाजता एक्सल पॉलिश करू नये, याच्या मधे कुठेही असलात तरी माझं ऑब्जेक्शन नाही. टेबलावर बसल्यावर मी एकच करते, मुलाला विचारते की तुझ्या गाडीत वजन कुठे आहे. ज्याने बनवली तो लगेच दाखवतो. या मुलाने झाकण उघडून नाणी मोजून दाखवली आणि मासा का आहे तेही सांगितलं. काही मुलं वडिलांकडे बघतात. त्यांना मी काही बोलत नाही, पण आमच्या पॅकने घरातल्या बाकीच्यांसाठी वेगळी ओपन शर्यत ठेवलीय ती याच वडिलांसाठी. त्यात आई, बाबा, धाकटी भावंडं कोणीही गाडी आणू शकतं. आपल्या प्रकरणातल्या बाबाने पुढच्या वर्षासाठी तिथे नाव दिलंय आणि लॅम्बोर्गिनी परत आलीय. धाकटीला कशाची गाडी करायचीय विचारलं तर ती म्हणाली मासा.

जुनी गाडी पुढच्या वर्षी चालत नाही, आमच्याकडे दरवर्षी नवीन किटमधूनच बनवावी लागते, म्हणून ट्रक आता पुस्तकांच्या कपाटावर आहे. आबा मार्चमध्ये परत गेले, बॅगेत एक न उघडलेलं किट घेऊन, चिंचवडच्या मित्रांना दाखवायला. मध्यंतरी मुलीच्या फोनवरून त्यांचा मला कॉल आला. एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, स्टीलचे चार एक्सल टर्न करून, ग्राइंड करून पाठवू का, मायक्रॉनमध्ये देतो म्हणाले.

म्हटलं, आबा, नाही चालत, खिळे किटमधलेच लागतात.

"मग किटमधलेच ग्राइंड केले तर?"

मी नियमांचा कागद परत वाचतेय.